पदवीनंतरची शिदोरी

पदवी हातीं आली म्हणजे विद्या पुरी झाली, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः स्वतंत्र संशोधनास तेथूनच आरंभ होतो, आणि पोटाचा प्रश्नही नेमका तेव्हांच उभा राहतो. अरबी व इस्लामी विद्येच्या अभ्यासकास तर देशोदेशींच्या हस्तलिखितांकरितां प्रवासही करावा लागतो.

हंगेरीचे इग्नाझ गोल्डझिहर यांचें चरित्र या दृष्टीनें पाहण्यासारखें आहे. त्यांचा जन्म १८५० चा. लाइपझिग येथें फ्लायशर या थोर अरबी पंडितापाशीं अध्ययन करून ते विशीच्या सुमारास डॉक्टर झाले. १८७३ सालीं सरकारी वृत्तीवर ते दमास्कस व कैरो येथें गेले. अल्-अझहरमध्यें शेखांसमोर बसून त्यांनीं धर्मशास्त्राचे पाठ ऐकले. थोडक्या महिन्यांची ही शिदोरी त्यांना जन्मभर पुरली.

परंतु स्वदेशीं परतल्यावर पगारी प्राध्यापकपद मिळालें नाहीं. १८७६ पासून सुमारें तीस वर्षें त्यांनीं बुडापेस्टच्या यहुदी समाजाच्या कचेरींत चिटणिशी केली. हदीसांची चिकित्सा करणारा त्यांचा ‘मुहम्मदानिशे श्टूडिएन’ हा ग्रंथ (१८८९-९०) कचेरीबाहेरच्या सवडींत सिद्ध झाला.

अलीकडे अशा वृत्त्या पुष्कळ झाल्या. बर्लिन येथें २००६ सालीं सुरू झालेल्या एका योजनेनें पश्चिम आशियाच्या तरुण अभ्यासकांस वर्षभराचा निर्वाह दिला. हें निश्चिंत वर्ष मोलाचें खरें. पण तें सरल्यावर पुढें काय? गोल्डझिहर कचेरींत राहूनही तगले. जे तगले नाहींत, त्यांचे न लिहिलेले ग्रंथ कोणत्याही ग्रंथालयांत सांपडणार नाहींत.