चढावर मोटार उभी करतांना

जोतिबाच्या वा पन्हाळ्याच्या चढावर मोटार थांबली, कीं मंडळी केवळ हातब्रेकच्या भरंवशावर उतरूं लागतात. परंतु त्याची तार कालांतरानें सैल पडते, आणि गुरुत्वाकर्षणास सुटी ठाऊक नाहीं! म्हणून इंजिन चालू असतांनाच पुढचीं चाकें डोंगराच्या अंगास वळवावीं; गाडी सुटलीच तर दरीकडे न जातां डोंगरास टेकेल. पायानें ब्रेक दाबून हातब्रेक ओढावा, इंजिन बंद करून, तोंड चढाकडे असल्यास पहिला, उताराकडे असल्यास रिव्हर्स गिअर घालावा, आणि मगच ब्रेकवरील पाय उचलावा. चाकाच्या उताराकडील बाजूस दगड लावावा. निघतांना तो रस्त्यांतच टाकून जाणें हा मात्र निव्वळ अप्पलपोटेपणा होय. मुलांस गाडींत एकटें ठेवून नारळ आणावयास जाऊं नये. गिअरचा दांडा हा त्यांस खेळच वाटतो.