मधल्या मैलांचा हिशेब



धावण्याची शर्यत आणि पुराणवस्तूंचा व्यापार यांची नावे एका दमात घेतली, तर कोणालाही हसू येईल. एकात घाम आणि वेग, दुसऱ्यात धूळ आणि स्वस्थता. पण दोहोंतील विश्वासाचा पाया एकच आहे. शेवटच्या रेषेवर जे उभे दिसते, ते तेथवर कोणत्या वाटेने आले, हे दाखवता आले पाहिजे.

२१ एप्रिल १९८० रोजी बोस्टन मॅरेथॉनमध्ये रोझी रुईझ स्त्रियांत पहिली आली. वेळ २ तास ३१ मिनिटे ५६ सेकंद. मस्तकी विजयमाला चढली. परंतु ४२.१९५ किलोमीटर तुडवून आलेल्या देहावर जो शीण दिसावा, तो दिसेना. सरावाविषयीच्या साध्या प्रश्नालाही तिला नीट उत्तर देता येईना. मग वाटेतील तपासनाक्यांच्या नोंदी पाहिल्या. तिचा मागमूस कोठेच नव्हता. शर्यत संपत आली असता ती गर्दीतून मार्गावर शिरल्याचे सांगणारे प्रेक्षकही पुढे आले. आठ दिवसांनी विजेतेपद कॅनडाच्या जॅकलिन गरो हिला देण्यात आले. अंतिम रेषेवरच्या त्या टाळ्या मात्र तिला कोणी परत देऊ शकले नाही.

याच्या अगदी उलट उदाहरण आपल्या बेळगावचे. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले आणि एकोणिसावे आले. त्या वर्षीचा मार्ग ४२.७५ किलोमीटरचा, म्हणजे नेहमीपेक्षा लांबच होता. पदक मिळाले नाही. पण त्यातला प्रत्येक मैल त्यांच्या पायांखालून गेला होता.

पुराणवस्तूंच्या व्यापारात तपासनाक्यांचे काम आधी झीज करते आणि मग कागद. जाणता व्यापारी समई हाती आली की प्रथम उलटी करून तिचा तळ पाहतो. वापराने आलेली झीज हात लागतो तेथेच असते. कानशीने आणलेली झीज भलत्याच ठिकाणी, नाहीतर सगळीकडे सारखी. आम्ल लावून, मातीत पुरून चढवलेला हिरवट थर अशा नजरेला फार काळ फसवत नाही. ही नजर धावपटूच्या दमासारखीच वर्षानुवर्षांच्या सरावाने येते, विकत मिळत नाही.

मात्र वस्तू अस्सल आणि वाट खोटी असेल, तर झीज पाहून भागत नाही. तेथे कागदच लागतो. (रजिस्टरातील एका ओळीवाचून दाखला कसा अडतो, हे येथे जमलेल्या पालकांना सांगायला नको.) तमिळनाडूतील श्रीपुरंतान येथील मंदिरातून चोळकालीन नटराजाची मूर्ती चोरीस गेली. न्यूयॉर्कच्या एका व्यापाऱ्यामार्फत ती २००८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने सुमारे ५० लाख अमेरिकी डॉलर देऊन विकत घेतली. मूर्ती अस्सलच होती. सोबतच्या कागदांनुसार ती १९७० साली दिल्लीत खरेदी झाली होती, म्हणजे पुराणवस्तूंविषयीचा १९७२ चा कायदा होण्यापूर्वीच. साल मोठ्या हिशेबाने निवडलेले! बोस्टनच्या गर्दीतून मार्गावर शिरण्यासारखाच हा प्रकार. शर्यत नियमानुसार सुरू केल्याचा आव आणायचा आणि मधल्या मैलांविषयी अवाक्षर काढायचे नाही. एवढी मोठी संस्था अशा कागदांवर विसंबली, याचे नवल वाटते. कदाचित मूर्तीच्या सौंदर्याने प्रश्न विचारण्याची इच्छाच मावळली असावी.

प्रश्न विचारला तो एका छायाचित्राने. पुद्दुचेरीच्या फ्रेंच संशोधन संस्थेने दक्षिणेतील मंदिरांची छायाचित्रे वर्षानुवर्षे जमवून ठेवली आहेत. त्यांत १९९४ चे एक छायाचित्र निघाले, आणि त्यात हाच नटराज श्रीपुरंतानच्या मंदिरात उभा होता. १९७० साली दिल्लीत विकली गेलेली मूर्ती चोवीस वर्षांनंतर आपल्या गावी कशी, याचे उत्तर त्या कागदांत नव्हते. सप्टेंबर २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी ती मूर्ती दिल्लीत भारताच्या स्वाधीन केली.

छायाचित्र घेणाऱ्याच्या मनात चोर पकडण्याचा विचार नसणार. गावोगावच्या देवळांत जे जसे आहे ते टिपायचे, तारीख घालायची आणि नीट जपून ठेवायचे, एवढेच त्याचे काम होते.