रंगमंचावरील पाऊल कोठून निघतें?

(बदनापूर येथें धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त तरुणमंडळ व शिक्षक यांच्यापुढें दिलेलें व्याख्यान)



ज्युबिलीच्या वर्षांत उपकारस्तुतीचा ख्रिस्तयाग होतो, मिरवणूक निघते, आणि सायंकाळीं मांडवांत रंगमंच उभा राहतो. पहिल्या दोहोंची तयारी कशी करावी हें आपण वाडवडिलांपासून जाणतों. तिसरीची तयारी बहुधा अशी होते: एक तयार गाणें निवडावयाचें, चित्रपटांत त्यावर जसे हातपाय हलले असतील तसे मुलांकडून पाठ करून घ्यावयाचे, व कपडे शिवून आणावयाचे. मुलांचे श्रम खरे असतात, आईबापांचें कौतुकही खरें असतें. परंतु समोर बसलेल्या एखाद्या वृद्धानें, "बाळ, हा हात तूं वर कां नेलास?" असें विचारलें, तर बाळापाशीं उत्तर नसतें. आजचा माझा सर्व विषय या एका प्रश्नांत सांठवलेला आहे. रंगमंचावरील प्रत्येक पावलाला कारण असावें, आणि तें कारण आपण आपल्या श्रद्धेंत व आपल्या जीवनांत शोधावें, एवढेंच मला सांगावयाचें आहे.

या कारणाला आपल्याकडे फार जुनें नांव आहे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रांत भाव जागृत करणाऱ्या कारणाला विभाव म्हटलें आहे, आणि तो भाव अंगावर ज्या खुणांनीं प्रकट होतो त्यांना अनुभाव. पुढील आलंकारिकांनीं विभावाचे दोन भाग पाडले. ज्याच्याविषयीं भाव उपजतो तें आलंबन, आणि उपजलेल्या भावाला जें चेतवितें तें उद्दीपन. आजचे नृत्यशिक्षक ज्याला प्रेरक म्हणतात, तें या उद्दीपनाचें सख्खें भावंड होय. तें डोळ्यांना दिसणारें चित्र असेल, कानीं पडणारा नाद असेल, हाताला लागणारी वस्तु असेल, मनांत घोळणारा विचार असेल, किंवा शेतांतली एखादी नित्याची हालचाल असेल. क्रम मात्र ठरलेला आहे: आधीं विभाव, मग अनुभाव. आपण अनुभाव बाजारांतून तयार आणतों आणि विभावाचा शोधच घेत नाहीं. म्हणून आपलें नृत्य अंगावर दिसतें पण अंगांत भिनत नाहीं.

ख्रिस्तसभेला हा मार्ग नवा नाहीं. १२२३ सालीं इटलींतील ग्रेच्यो या गांवीं संत फ्रान्सिसनीं नाताळच्या रात्रीं गव्हाणी, गवत, बैल व गाढव लोकांच्या डोळ्यांपुढें आणिलें. प्रभूच्या जन्माचें दारिद्र्य ऐकून सर्वांस ठाऊक होतें. परंतु गवताचा वास व जनावरांची ऊब यांनीं जें घडलें तें नुसत्या सांगण्यानें घडत नव्हतें. पुढें संत इग्नेशियस लोयोला यांनीं आपल्या आध्यात्मिक साधनांच्या ग्रंथांत, ज्याला १५४८ सालीं पोप तिसरे पॉल यांची मान्यता मिळाली, साधकाला असा धडा घालून दिला कीं, शुभवर्तमानांतील प्रसंगाचें स्थळ आधीं मनांत उभें करावें, आणि मग तेथील माणसें पाहावीं, त्यांचे बोल ऐकावे, तेथील वस्तूंना जणूं स्पर्श करावा. संतांनीं हें प्रार्थनेसाठीं सांगितलें. परंतु ज्या नटाला प्रसंगाचें स्थळ दिसत नाहीं, त्याला तेथें चालतां तरी कसें येईल?

मराठी भाषेलाही या कामाची ओळख आहे. तंजावरचे मराठे राजे दुसरे सरफोजी (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनीं नृत्यासाठीं मराठींत रचना केल्या. आणि विसाव्या शतकांत मुंबईचे आचार्य पार्वतीकुमार यांनीं त्या रचनांचा अभ्यास करून त्यांवर नृत्यें बसविलीं. कागदावर निजलेला मराठी शब्द अशा रीतीनें पुन्हां पायांत उतरला. आपल्या ख्रिस्ती मंडळींत डिव्हाइन वर्ड संघाचे फादर जॉर्ज प्रोक्श यांनीं मुंबईस अंधेरी येथें ज्ञान आश्रम स्थापून भारतीय संगीत व नृत्य यांच्या द्वारें ख्रिस्तचरित्र मांडण्याचा उद्योग केला. त्याच संघाचे फ्रान्सिस बार्बोझा यांनीं बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठांत भरतनाट्यमचें अध्ययन केलें, आणि त्यांच्यापुढें एक खरी अडचण उभी राहिली. शिव, विष्णु, ब्रह्मा यांच्यासाठीं शास्त्रांत हस्तमुद्रा आहेत; पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्यासाठीं त्या कोठून आणाव्या? दुसऱ्या देवतेची मुद्रा घेऊन तिच्यावर ख्रिस्ताचें नांव चिकटविणें त्यांना मान्य झालें नाहीं. त्यांनीं पवित्र शास्त्र व ख्रिस्ती शिकवण यांना प्रेरक मानून, नृत्याच्या व्याकरणांत बसतील अशा नवीन मुद्रा घडविल्या, व १९९० सालीं ग्रंथरूपानें आपलें संशोधन प्रसिद्ध केलें. नवी हालचाल हवी असेल तर आधीं तिच्या अर्थापाशीं जाऊन बसावें लागतें, हा त्यांच्या कार्याचा बोध आहे.

आपण भरतनाट्यम शिकलेले नाहीं. बदनापूरच्या मुलांनीं काय करावें? मी दोन उदाहरणें घेऊन सांगतों.

पहिलें उदाहरण क्रुसाच्या वाटेचें. मंदिराच्या भिंतीवर चौदा चित्रें असतात आणि उपवासकाळांत आपण त्यांच्यापुढें गुडघे टेकतों. त्यांतील पांचवें चित्र घ्या: कुरेनेकर शिमोन प्रभूचा क्रूस उचलीत आहे. मुलांनीं प्रथम तें चित्र जसेंच्या तसें अंगांनीं उभें करावें व दहा श्वासांपर्यंत स्तब्ध राहावें. बव्हेरियांतील ओबरआमेरगाऊ गांवच्या लोकांनीं १६३३ च्या महामारींत नवस केला, १६३४ पासून ते प्रभूच्या दुःखसहनाचें नाट्य करीत आले आहेत, आणि २०२२ सालच्या प्रयोगापर्यंत त्या नाट्यांत जुन्या करारांतील प्रसंगांचीं अशीं स्थिर सजीव चित्रें मांडण्याची चाल टिकून आहे. स्तब्धता हीसुद्धां रंगमंचावरील एक कृति आहे, हें त्या गांवकऱ्यांनीं पक्कें ओळखलें आहे.

चित्र उभें राहिल्यावर मुलांना दोन प्रश्न विचारावे: या क्षणाच्या आधीं काय घडलें? नंतर काय घडेल? शिमोन शेतावरून परतत होता. त्याला धरून आणिलें. म्हणजे आधीं त्याच्या पावलांत घरची ओढ होती, मग शिपायाच्या हाताचा झटका, मग लाकडाचें ओझें. पाहा, एका चित्रांतून तीन हालचाली निघाल्या, आणि तिन्हींना कारण आहे. आतां ओझ्याविषयीं. पुठ्ठ्याचा क्रूस उचलणारा मुलगा ओझ्याचा आव आणतो, आणि प्रेक्षकांना तो तत्काळ समजतो. त्याला आधीं खरोखरीचें धान्याचें पोतें दोघांच्या मदतीनें खांद्यावर घेऊं द्या, दहा पावलें चालूं द्या. गुडघे कोठें वाकतात, मान कोणत्या बाजूला जाते, श्वास कोठें अडतो, हें त्याच्या शरीराला लक्षांत ठेवूं द्या. मग पोतें काढा आणि तीच दहा पावलें पुन्हां चालावयास सांगा. आपल्यांतील पुष्कळ मुलांना हें शिकवावेंही लागणार नाहीं. ज्याचा बाप मोंढ्यांत हमाली करतो, त्यानें ओझ्याचें शास्त्र घरींच पाहिलेलें असतें.

दुसरें उदाहरण पेरणाऱ्याच्या दृष्टांताचें. बदनापूर हें तुरीच्या बियाण्यासाठीं नांवाजलेलें गांव. येथील कृषि संशोधन केंद्रांतून निघालेल्या बीडीएन ७११ सारख्या वाणांचें नांव शेतकऱ्यांच्या तोंडीं असतें. तेव्हां पेरणी हें प्रेरक आपल्या हाताशीं आहे. परंतु येथें एक खांच आहे. आपल्याकडे तिफणीनें पेरतात. बाई चाड्यावर मूठ धरते आणि बीं नळ्यांतून थेट तासांत उतरतें. मुलींनीं हीच हालचाल नाचांत घेतली तर ती दिसेल सुंदर, पण दृष्टांत मोडेल. कारण तिफणीचें बीं वाटेवर, खडकावर व कांटेरी झुडपांत पडण्याचें कारण नाहीं. प्रभूच्या दृष्टांतांतला शेतकरी मूठ भरून बीं फेंकीत चालतो, जसें आपण वाफ्यांत मेथीचें बीं फोकतों. म्हणून पेरणाऱ्याची हालचाल मोकळी, अर्धवर्तुळाकार, हात उघडून टाकणारी हवी. प्रभूची उदारता त्या उघड्या हातांत आहे. जमीन कशी आहे हें न पाहतां तो पेरतो. प्रेरक नीट पाहिलें म्हणजे अर्थही नीट दिसूं लागतो, तो असा.

मग चार जमिनी चार गटांनीं कराव्या. वाट झालेल्यांनीं अंग ताठ व सपाट ठेवावें, कांहीं आंत शिरूं देऊं नये. खडकाळ जमिनीनें झटकन उठावें आणि तितक्याच लवकर कोमेजावें. कांट्यांनीं एकमेकांत बोटें गुंतवून कोंवळ्या रोपाला वेढावें. चांगल्या जमिनीनें सर्वांत उशिरां, सर्वांत हळू उठावें, आणि मग तीसपट, साठपट, शंभरपट या चढत्या मापानें रंगमंच भरून टाकावा. त्या वेळच्या हंगेरींत जन्मलेले नृत्याचार्य रुडॉल्फ लाबान (१८७९ ते १९५८) यांनीं हालचालीच्या परीक्षेचीं चार अंगें सांगितलीं: जोर, काळ, अवकाश व प्रवाह. एकच हालचाल जड करा, मग हलकी करा. सावकाश करा, मग त्वरेनें. सरळ रेषेंत न्या, मग वळवून न्या. मोकळी सोडा, मग आवरून धरा. अशा रीतीनें एका मुठीच्या फेंकीपासून दहा फेंकी निघतील. त्यांतल्या सात टाकून द्याव्या. टाकणें हाच यांतला कठीण भाग आहे. कारण मुलांना प्रत्येक हालचाल आपली वाटते, आणि शिक्षकाला कोणाचेंही मन मोडवत नाहीं.

आतां मी अधिक नाजूक विषयाकडे वळतों. सर्वच प्रेरकें निरुपद्रवी नसतात. तरुणमंडळी म्हणतात, आपल्या कार्यक्रमांत हलगी हवी. तिच्या नादाबरोबर पाय आपोआप उठतात. तें खरें आहे. परंतु वडीलधाऱ्यांपैकीं कांहींच्या कपाळाला हलगी म्हटली कीं आठी पडते, आणि तिचें कारण समजून घेतल्यावांचून आपण पुढें जाऊं नये. मराठवाड्यांत ज्यांनीं शुभवर्तमान स्वीकारलें त्यांपैकीं पुष्कळ कुटुंबें गांवकुसाबाहेर राहणारीं होतीं. १९४८ पूर्वींच्या निजामी राजवटींत वेठबिगार त्यांच्या माथीं होती, आणि वाद्य वाजविणें ही त्यांची कला म्हणून मानली न जातां गांवकीचें काम म्हणून त्यांच्यावर लादलेली असे. ज्या आजोबांनीं दुसऱ्याच्या दारीं उभें राहून वाजविलें आणि जेवणाच्या वेळीं दूर बसले, त्यांच्या कानांत तो नाद आपल्या कानांतल्यासारखा उतरणार नाहीं.

मग हलगी वर्ज्य करावी काय? मला तसें वाटत नाहीं. आंबेडकरी जलसाकारांनीं तमाशाचाच बाज घेऊन त्यांतून समाजजागृति केली. ज्या कलेला हीन लेखलें गेलें तिलाच त्यांनीं मान मिळवून दिला. आपणही विचार करावा कीं, आपल्या नाट्यांत हलगी वाजते कोठें. ती केवळ प्रभूची विटंबना करणाऱ्या जमावाच्या तोंडीं दिली, तर जुना अपमान आपण नव्यानें उभा केला. ती पुनरुत्थानाच्या पहांटे वाजली, दगड बाजूस सरला आणि प्रथम तिचाच नाद उठला, तर अर्थ पालटला. आणि हें ठरविण्याआधीं त्या आजोबांना विचारावें. त्यांनीं होकार दिला तर त्यांनाच पहिली थाप देण्याची विनंति करावी. त्यांनीं नको म्हटलें तर तो शब्द अखेरचा मानावा. मुलांनीं टाळ्यांनीं, छातीवरील थापेनें व जमिनीवरील पावलांनीं ताल धरावा. जिवंत माणसाच्या दुःखाहून आपला कार्यक्रम मोठा नाहीं.

एक मर्यादाही सांगितली पाहिजे. वेदी आणि रंगमंच हीं दोन वेगळीं स्थानें आहेत. ख्रिस्तयागांत काय व्हावें हें ख्रिस्तसभेच्या नियमांनीं व महागुरुस्वामींच्या मार्गदर्शनानें ठरतें. तेथें प्रेक्षक नसतात, आणि टाळ्यांची अपेक्षा धरणाऱ्या कलेला तेथें जागा नाहीं. मांडवांतला रंगमंच आपणांस मोकळा आहे, म्हणूनच तेथें आपली जबाबदारी अधिक.

शेवटीं शिक्षकांस व तरुणांस माझें इतकेंच मागणें आहे. पुढील कार्यक्रमाची तालीम गाणें निवडून सुरू करूं नका. पहिले तीन दिवस एक चित्र, एक वस्तु किंवा एक नाद मुलांपुढें ठेवा व त्यांना पाहूं द्या. दिवाळीनंतर ऊसतोडीला निघणाऱ्या कुटुंबाचें एक गांठोडें समोर ठेवा, आणि मरिया व योसेफ मिसर देशाला निघाले तेव्हां त्यांनीं काय बरोबर घेतलें असेल, असें विचारा. ज्या मुलाचे आईबाप त्याच वाटेनें गेले आहेत, तो कदाचित् बोलणार नाहीं. पण तें गांठोडें तो जसें उचलील, तसें दुसरें कोणी उचलणार नाहीं. त्याच्या त्या उचलण्याला जागा देणें, हें आपलें काम.

आपल्या मुलांचीं पावलें प्रभु सन्मार्गावर दृढ करो, आणि हा ज्युबिलीचा उत्सव सर्वांना सुखाचा होवो, अशी प्रार्थना करून मी आपली रजा घेतों.