टोपी आणि चष्मा

(मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या शाळेत भाषणाला उभं राहायची माझी ही दुसरी वेळ. पहिल्यांदा, सहावीत, टिळक पुण्यतिथीला, तिसऱ्या वाक्यालाच मी विसरले आणि मराठीच्या बाईंनी मागून पुढचं वाक्य सांगितलं. बाई आजही पहिल्या रांगेत आहेत, पण आजचं भाषण त्यांना पाठ नाही, म्हणून कागद घेऊन आले आहे.

विषय मी निवडलेला नाही. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका मैत्रिणीने विचारलं, "मुलगा रात्री इनकॉग्निटोमध्ये काय बघतो ते कळायची काही सोय आहे का?" पाठोपाठ अकरा जणांनी "मलाही हवंय" लिहिलं. तू सॉफ्टवेअरमधली, तूच बोल, असं ठरलं. तेव्हा आधी सरळ उत्तर देते, मग माझ्या घरी काय झालं ते.

इनकॉग्निटो म्हणजे क्रोममधली ती टोपी आणि चष्म्याची खिडकी. त्यात जादू काही नाही. ती बंद केली की काय पाहिलं, काय शोधलं याची नोंद फोनवर राहत नाही, एवढंच. ज्या वायफायवरून किंवा ज्या कंपनीच्या नेटवरून मुलगा बघतो, तिथे खूण राहू शकते. पण बहुतेक संकेतस्थळं आता एचटीटीपीएसवर चालतात, म्हणजे बंद पाकिटातलं पत्र. राउटरला पाकिटावरचा पत्ता दिसतो, आतला मजकूर नाही. घरच्या राउटरवर नोंद ठेवली तर संकेतस्थळाचं नाव कळेल, त्यातलं पान कळणार नाही. आणि त्याने वायफाय बंद करून मोबाईल डेटा सुरू केला की नावही नाही. गूगलच्या फॅमिली लिंकमध्ये मुलाचं खातं पालकांच्या देखरेखीखाली काढलं, तर क्रोममध्ये इनकॉग्निटो मिळतच नाही. आयफोनवर स्क्रीन टाइममध्ये प्रौढांच्या संकेतस्थळांना मर्यादा घातली की सफारीतलं खासगी ब्राउझिंग जातं. ही साधनं उघड असतात, मुलाला ती लावलेली माहीत असतात. आठ-दहा वर्षांच्या पोराच्या हातात फोन द्यावाच लागत असेल तर जरूर लावा.

झालं उत्तर. आता दुसरा भाग.

माझा मुलगा तेव्हा नववीत होता. एका रात्री त्याचा फोन चार्जिंगला लावताना वर सूचना दिसली, सगळे इनकॉग्निटो टॅब बंद करा. शेजारी टोपी आणि चष्मा. मी राउटरवर नोंद सुरू केली. वीस वर्षं याच धंद्यात आहे, दहा मिनिटं लागली. आठवडाभर पाहिलं तर रात्री बारानंतर तीच दोन-तीन आरोग्याची संकेतस्थळं. नुसती नावं. आणि नुसत्या पत्त्यावरून पत्र ओळखायला गेलं की मन सगळ्यांत वाईट तेच पत्र लिहून काढतं. कसल्या गोळ्या घेतोय का? जिवाचं काही बरंवाईट करायचं तर मनात नाही ना? तीन रात्री मी त्याच्या खोलीच्या दाराशी जाऊन त्याचा श्वास ऐकून आले.

मग मी जे ऑफिसात कुणाला करू दिलं नसतं, ते केलं. त्याच्या फोनवर एक गुप्त ॲप टाकलं. असली ॲप ॲक्सेसिबिलिटीची परवानगी मागतात. ही सोय खरं तर ज्यांना दिसत नाही अशांना फोन वाचून दाखवता यावा म्हणून आहे. ती मिळाली की पडद्यावर जे उमटेल, जे टाइप होईल ते ॲप वाचू शकतं. तिथे टोपी-चष्म्याचा काही उपयोग नाही. आणि वाचलेलं सगळं कुठे जातं? कुणाच्या तरी सर्व्हरवर, ज्याचा पत्ता मला आजही माहीत नाही. मुलावर लक्ष ठेवायला मी एका अनोळखी माणसाला त्याच्या खोलीत नेऊन बसवलं होतं. आपल्याकडच्या २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्यांचा माग काढायला, त्यांच्या वागण्यावर पाळत ठेवायला कंपन्यांना मनाई आहे. आईला मनाई करणारं कलम त्यात नाही.

तो काय शोधत होता ते मी सांगणार नाही. वयात येताना शरीराचे जे प्रश्न पडतात, त्यातला एक होता. आपल्या वेळी पुनरुत्पादनाचा धडा "घरी वाचा" म्हणून सोडला होता. सर, रागावू नका, घरीही कुणी वाचून घेतला नाही. आपण मग गच्चीवर बसून एकमेकींना चुकीची माहिती दिली आणि कशाबशा मोठ्या झालो. माझ्या मुलाला गच्ची नाही. त्याने एकच प्रश्न चार रात्री वेगवेगळ्या शब्दांत विचारला होता, आधी इंग्रजीत, मग मराठीत. चौथ्या रात्री शेवटचा प्रश्न होता, "डॉक्टर आईवडिलांना सांगतात का?"

हे मी स्वयंपाकघरात उभी राहून वाचलं. आधी सुटल्यासारखं वाटलं, कारण माझ्या मनातलं त्यात काहीच नव्हतं. दुसऱ्या क्षणी कळलं की आता मी अडकले. मला उत्तर माहीत होतं. असं अनेक मुलांना होतं, बहुधा आपोआप जातं, हे दोन वाक्यांत सांगता आलं असतं. पण कुठल्या तोंडाने सांगणार? जेवताना आडून विचारलं, "तब्येत बरी आहे ना?" म्हणाला, "हो." पुन्हा एकदा, "काही विचारायचं असेल तर विचार हं." त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी ताक आणायला उठले. नवरा म्हणाला, मी बोलतो. मी नको म्हटलं, कारण त्याला संशय येईल. म्हणजे पोरगं रात्री घाबरून जागत होतं, आणि मी स्वतःची चोरी लपवायला त्याला जागू देत होते. असे पंधरा दिवस गेले. त्या पंधरा दिवसांची मला अजून लाज वाटते, ॲपपेक्षा जास्त.

शेवटी त्यानेच पकडलं. बॅटरी लवकर उतरते म्हणून तो सेटिंग्ज चाळत बसला आणि परवानग्यांच्या यादीत ते नाव सापडलं. फोन माझ्यासमोर ठेवून म्हणाला, "हे तू टाकलंस?" मी हो म्हटलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. "मग हा तूच ठेव," म्हणाला आणि खोलीत गेला. आठ दिवस फोन फ्रिजवर पडून होता. त्याने हात लावला नाही, माझ्याशी कामापुरतंच बोलला.

नवव्या दिवशी मी त्याच्या खोलीत गेले, माफी मागितली, आणि ज्या डॉक्टरांकडे तो लहानपणापासून जातो त्यांची वेळ घेतल्याचं सांगितलं. तो आत एकटा गेला. मी बाहेर बसून भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता तीनदा वाचला. बाहेर आल्यावर म्हणाला, "वडापाव घेऊया." डॉक्टर काय म्हणाले ते मी विचारलं नाही. जाता जाता डॉक्टरच म्हणाले, "काळजीचं काही नाही," आणि एवढंही त्याच्याकडे पाहून, त्याने मान हलवल्यावर.

तुम्ही म्हणाल, तुझा निघाला साधा प्रश्न, सगळ्यांचा तसा नसतो. खरं आहे. फोटो मागणारे, ते पसरवायची धमकी देणारे लोक आहेत. तसं काही दिसलं तर गुप्तता वगैरे बाजूला ठेवा; मुलांसाठी १०९८ आणि सायबर तक्रारीसाठी १९३० हे क्रमांक घरात सगळ्यांना माहीत असू द्या. आमच्या घरी आता रात्री साडेदहाला तिघांचेही फोन दिवाणखान्यात चार्जिंगला असतात, माझाही. ऑफिसचा फोन येईल ही सबब त्याने फेटाळली. टोपी-चष्म्याची खिडकी त्याला आहे, मी बघत नाही. बघावंसं वाटतं का? वाटतं, परवाच वाटलं.

हे भाषण त्याने आधी वाचलं आहे. दोन वाक्यं काढायला लावली, ती काढली. ताकाचं वाक्य त्याला नको होतं, ते मी भांडून ठेवलं. आणि आणखी एक अट आहे. लोकेशन आम्ही तिघंही एकमेकांना दाखवतो, तेव्हा मी या क्षणी शाळेत आहे हे त्याला दिसतंय. सहाच्या गाडीने निघते असं सांगून आले आहे. जेवणाच्या पंगतीत गप्पा लांबल्या तर त्याला फोन तुमच्यापैकी कुणीतरी करायचा.