साध्या डिजिटल कॅमेऱ्यास दूरभिंगाची जोड

(शिक्षक, ग्रामपंचायतींचे कार्यकर्ते आणि छायाचित्रणाची आवड असलेले नागरिक यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कापणी झालेल्या शेतात किंवा खाजनाच्या कडेला टिटवीचे घरटे अनेकांनी पाहिले असेल. घरटे म्हणायचे एवढेच. काड्या नाहीत, गवताची गादी नाही. उघड्या जमिनीवर एक उथळ खळगा, भोवती चार खडे आणि त्यात मातीच्याच रंगाची, काळसर ठिपक्यांची बहुधा चार अंडी. माणूस जवळ येऊ लागला की टिटवी अंड्यांवरून उठते, डोक्यावर घिरट्या घालीत आकांत मांडते. पाहणाऱ्याला त्या आकांताचे कौतुक वाटते. परंतु तेवढा वेळ अंडी चैत्र-वैशाखाच्या उन्हात उघडी पडलेली असतात. अशा उन्हात टिटवी पोटाची पिसे पाण्यात भिजवून आणते आणि त्या ओलाव्याने अंडी निववते. जवळ येऊन छायाचित्र काढणारा मनुष्य दहा-पंधरा मिनिटे तेथेच रेंगाळला, तर तिचे हे काम थांबते. शिवाय शेजारच्या माडावर बसलेला कावळा सर्व काही पाहत असतो. छायाचित्र मिळते, घरटे जाते.

वन्य पक्ष्यांची अंडी वा घरटी विचलित करणे यास वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ याच्या व्याख्येत शिकारच मानले आहे, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. तथापि कायद्याचा धाक दाखविणे हा आजच्या व्याख्यानाचा विषय नाही. दूर उभे राहूनही समाधानकारक छायाचित्र कसे घेता येईल, आणि तेही लाखो रुपयांची सामग्री न बाळगता, हा विषय आहे.

अनेक शाळांच्या आणि घरांच्या कपाटांत खिशात मावणारे किंवा त्याहून थोडे मोठे असे डिजिटल कॅमेरे आज पडून आहेत. मोबाइल फोनने त्यांची जागा घेतली. परंतु या कॅमेऱ्यांपैकी काहींच्या पुढे वरून बसविण्याचे दूरभिंग त्या काळी मिळत असे, ही त्यांची एक जमेची बाजू विस्मरणात गेली आहे. निकॉन कंपनीच्या २००० साली आलेल्या कूलपिक्स ९९० या कॅमेऱ्यास तिप्पट शक्तीचे, ऑलिंपसच्या काही कॅमेऱ्यांना १.७ पट शक्तीचे, तर कॅननच्या पॉवरशॉट जी ७ व जी ९ या कॅमेऱ्यांना दुप्पट शक्तीचे दूरभिंग जोडता येई. ही भिंगे आता जुन्या बाजारातच मिळतात, पण मिळतात.

या जोडभिंगाची रचना समजून घेतली तर त्याच्या वापरातील निम्म्या चुका टळतील. पुढच्या बाजूस बहिर्वक्र भिंग आणि मागच्या बाजूस अंतर्वक्र भिंग अशी ही मांडणी असते. १६०९ साली गॅलिलिओने तयार केलेल्या पहिल्या दुर्बिणीचीही मांडणी हीच होती आणि तिची शक्तीही सुमारे तिपटीचीच होती. म्हणजे जोडभिंग ही कॅमेऱ्याच्या डोळ्यापुढे धरलेली एक छोटी दुर्बीणच होय. ती स्वतः प्रतिमा उमटवीत नाही. दूरची वस्तू मोठी करून कॅमेऱ्याच्या मूळ भिंगाच्या स्वाधीन करते. प्रतिमा उमटविण्याचे काम मूळ भिंगच करते.

यातून एक मोठा लाभ होतो. भिंगे बदलता येणाऱ्या मोठ्या कॅमेऱ्यांत भिंग आणि कॅमेरा यांच्या मध्ये बसविण्याचा जो दुप्पट शक्तीचा विस्तारक असतो, तो प्रकाश चौथ्या हिश्श्यावर आणतो. पुढे बसणाऱ्या जोडभिंगात तसे घडत नाही. त्याचा पुढचा काचेचा भाग पुरेसा मोठा असेल, तर मूळ भिंगाचे छिद्रमान कायम राहते. काचेच्या पृष्ठभागांवर थोडा प्रकाश वाया जातो, तेवढाच. कांदळवनातील सकाळच्या मंद उजेडात ही बाब अत्यंत मोलाची ठरते.

आता जी ९ चेच उदाहरण हिशोबासाठी घेऊ. २००७ साली आलेल्या या कॅमेऱ्यात सुमारे १ कोटी २० लाख पिक्सेल आहेत. चित्राच्या आडव्या ओळीत ४,००० आणि उभ्या ओळीत ३,०००. त्याचे झूम भिंग जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या भाषेत ३५ ते २१० मिलिमीटर इतक्या केंद्रांतराचे आहे. २१० वर ठेवून ३० मीटरवरील बगळ्याकडे रोखले, तर चौकटीत सुमारे पाच मीटर रुंदीचा प्रदेश येतो. अर्धा मीटर उंचीचा बगळा तेथे अवघ्या ४०० पिक्सेलांचा भरतो. दुप्पट शक्तीचे जोडभिंग लावताच केंद्रांतर ४२० होते, चौकट अडीच मीटरची होते आणि बगळा ८०० पिक्सेलांचा होतो. वर्गाच्या भिंतीवर लावण्यासारखे छायाचित्र त्यातून निघते. खंड्यासारखा पक्षी मात्र, विशेषतः त्यातला सतरा सेंटिमीटरांचा लहान खंड्या, त्याच अंतरावर २७० पिक्सेलांच्या पुढे जात नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. जोडभिंग चमत्कार करीत नाही. ते अंतर निम्मे झाल्यासारखे करते, इतकेच.

येथे कोणी विचारील की कॅमेऱ्यातील डिजिटल झूमने हेच होत नाही काय? होत नाही. डिजिटल झूम म्हणजे चित्राचा मधला भाग कापून तो फुगविणे. दुप्पट फुगविले की १ कोटी २० लाख पिक्सेलांपैकी ३० लाखच खऱ्या माहितीचे उरतात. पक्ष्याच्या पिसाची जी रेघ मुळात टिपलीच गेली नाही, ती फुगवून प्रकट होणार नाही. डिजिटल झूम बंद ठेवणे हाच उत्तम उपाय. हवे तर कापणी नंतर संगणकावर करावी.

जोडभिंग बसविताना घाई करू नये. या कॅमेऱ्यांचे भिंग कळ दाबताच नळीसारखे पुढे सरकते आणि बंद करताच आत जाते. त्या नळीचे दातेरी चक्र अत्यंत नाजूक असते. जोडभिंगाचे वजन त्या नळीवर टाकणे म्हणजे चक्र मोडण्यास निमंत्रण होय. म्हणून मध्ये एक पोकळ जोडनळी येते, जी कॅमेऱ्याच्या अंगावर घट्ट बसते. भिंगाची नळी तिच्या आतल्या आत मोकळी सरकते. जी ९ मध्ये भिंगाभोवतीचे कडे बाजूची कळ दाबून फिरविले की निघते आणि त्या जागी जोडनळी बसते. जोडनळी त्या कॅमेऱ्यासाठीच बनविलेली असावी. ती आखूड असेल तर कॅमेरा सुरू करताच पुढे येणारे भिंग जोडभिंगाच्या काचेवर आपटते. रबरी कडे, चिकटपट्टी यांनी काम भागविण्याचा मोह अनेकांना होतो. त्यातून वाचणारे पैसे पुढे दुरुस्तीत जातात, आणि या कॅमेऱ्यांची दुरुस्ती करणारे आता सहसा सापडत नाहीत.

बसविल्यावर प्रथम झूम पूर्णपणे दूरच्या टोकाला न्यावा. जवळच्या, म्हणजे रुंद टोकाला ठेवला तर चित्राच्या चारी कोपऱ्यांत काळोख येतो आणि मध्ये विहिरीच्या तोंडासारखे वर्तुळ दिसते. नवशिके येथेच निराश होतात व भिंग वाईट म्हणून ठेवून देतात. दोष भिंगाचा नसतो. जी ९ सारख्या कॅमेऱ्यांच्या यादीत जोडभिंग बसविल्याची नोंद करण्याची सोय असते. ती नोंद केल्याने हात हलल्याचा दोष सावरणारी यंत्रणा नव्या केंद्रांतराप्रमाणे काम करते. भिंग काढल्यावर ती नोंद पूर्ववत करण्यास विसरू नये.

कॅमेऱ्यावरील लहान काचेच्या दर्शकातून पाहण्याचा उपयोग नाही, कारण जोडनळी त्याच्या आड येते व दर्शकास जोडभिंगाची शक्तीही कळत नाही. मागच्या पडद्यावरच पाहावे. उन्हात पडदा दिसेनासा होतो. डोक्यावरचा पंचा किंवा छत्री तेव्हा कामी येते. अंगचा फ्लॅशही बंद ठेवावा. नळीची सावली चित्रात पडते, त्याचा प्रकाश तीस मीटर पोचत नाही आणि घरट्यावरील पक्ष्याच्या डोळ्यांत तो पाडणे मुळातच गैर आहे.

जवळची वस्तू स्पष्ट टिपण्याची मर्यादाही बदलते. दुप्पट भिंगाने ती सुमारे चौपट होते. जेथे कॅमेरा अर्ध्या मीटरवर नजर बसवू शकत होता, तेथे आता दोन मीटर लागतात. फुलावरच्या पाखराचे चित्र येत नाही म्हणून पुढे-पुढे सरकणाऱ्याने मागे सरून पाहावे.

यापुढचा शत्रू म्हणजे हाताचा कंप. जोडभिंग जसा बगळा मोठा करते, तसा कंपही मोठा करते. केंद्रांतर ४२० असेल तर शटरचा वेग सेकंदाच्या चारशेव्या भागाहून मंद नसावा, असा जुना ठोकताळा आहे. कंप सावरणारी यंत्रणा असल्यास थोडी सूट मिळते. ट्रायपॉड म्हणजे तिपाई असल्यास उत्तम. नसल्यास कुंपणाच्या खांबावर, बांधाच्या दगडावर किंवा मानशीच्या दारावर तांदळाची अर्धी भरलेली पिशवी ठेवून तीवर कॅमेरा टेकवावा. हा उपाय गावठी वाटेल, पण साध्या तिपाईपेक्षा पुष्कळदा सरस ठरतो. कळ बोटाने दाबण्याऐवजी दोन सेकंदांच्या स्वयंचलित विलंबाचा उपयोग करावा. चोडण येथील डॉ. सालीम अली पक्षी अभयारण्यात व्हडीतून फिरताना मात्र तिपाई व्यर्थ, कारण व्हडीच हलत असते. तेथे शटरचा वेग वाढविणे आणि एकामागून एक चार-पाच चित्रे घेणे यावाचून मार्ग नाही. करमळीच्या तळ्याकाठी पाय जमिनीवर असल्याने काम सोपे होते.

चित्राच्या कडांना, विशेषतः पांढरा बगळा आणि काळी सावली जेथे मिळतात तेथे, जांभळट रेघ दिसते. काचेतून निरनिराळे रंग किंचित निरनिराळे वळल्याचा हा परिणाम होय. छिद्र एक पायरी लहान केल्याने तो कमी होतो, ५.६ च्या आसपास ठेवावे. त्याहून फार लहान केल्यास या कॅमेऱ्यांच्या लहान संवेदकावर चित्र मऊ पडू लागते. दुपारी तापलेल्या शेतावरील हवेच्या लहरींनी येणारा अस्पष्टपणा कोणत्याही भिंगाने जात नाही. सकाळी लवकर जाणे हेच त्यावर औषध.

पक्ष्यांपलीकडेही या साधनाचा उपयोग आहे. गवा रेडा भातात किंवा बागायतीत उतरतो तेव्हा नुकसान सिद्ध करण्यासाठी शेतकरी मोबाइल घेऊन त्याच्या जवळ जाऊ पाहतो. गव्याचे वजन आठ-दहा क्विंटल असू शकते आणि तो धावतो तेव्हा माणसाला बांध ओलांडण्यास वेळ मिळत नाही. घराच्या ओट्यावरून किंवा झाडामागून ऐंशी मीटरवरून घेतलेल्या चित्रात जनावर व पीक दोन्ही ओळखू आली, तर कार्य साधले. असे छायाचित्र पंचनाम्याची जागा घेत नाही, त्यास पुरावा जोडते. त्यासाठी कॅमेऱ्यातील दिनांक व वेळ बरोबर लावलेली असावी; अन्यथा पाच महिन्यांपूर्वीची तारीख उमटलेल्या चित्राचे काय करावे, हा प्रश्न वन कर्मचाऱ्यास पडतो.

अभयारण्यात छायाचित्रणासाठी प्रवेश करावयाचा असल्यास वन खात्याची परवानगी घ्यावी. शाळेच्या सहलीचे पत्र मुख्याध्यापकांच्या सहीने आधी पाठविल्यास सर्वांचीच सोय होते.

जुने भिंग विकत घेताना ते आपल्या कॅमेऱ्याच्या जोडनळीवर बसते काय, आटे किती मिलिमीटरचे आहेत, हे विक्रेत्यास विचारावे. नंतर एका बाजूने विजेरीचा उजेड टाकून दुसऱ्या बाजूने आत पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी होय, आणि असे भिंग स्वस्त असले तरी परत करावे. धुळीच्या दोन-चार कणांनी बिघडत नाही. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात चांगल्या भिंगालाही बुरशी धरते. मृगापासून दसऱ्यापर्यंत ते चामड्याच्या पाकिटात न ठेवता, झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावे. या पुड्यांतील रंगीत दाण्यांचा रंग बदलला की ते तव्यावर मंद आचेवर परतून कोरडे करता येतात. तवा मात्र पोळ्यांचा नसावा.