दोन हंगामांचा संघ

कॅलिफोर्नियातलं क्युपर्टिनो म्हटलं की ॲपल आठवतं. त्याच गावात १९६७ पासून दी अँझा हे कम्युनिटी कॉलेज आहे. तिथल्या फ्लिंट सेंटरमध्ये २४ जानेवारी १९८४ला ॲपलचा मॅकिंटॉश संगणक जगापुढे आला. मला मात्र आज बोलायचंय ते अशा कॉलेजांच्या व्यायामशाळेत घडणाऱ्या कामाबद्दल, मुलींना व्हॉलीबॉल शिकवणाऱ्या प्रशिक्षकांच्या कारकिर्दीबद्दल.

कम्युनिटी कॉलेज दोन वर्षांचं. पुढे मुलं विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला प्रवेश घेतात. खेळाडूला इथं हंगाम मिळतात दोनच, त्यामुळे दर ऑगस्टला संघातले कितीतरी चेहरे नवे. याची झळ सर्वांत जास्त लागते ती सेटरच्या, म्हणजे स्मॅश मारणारीला चेंडू उचलून देणाऱ्या मुलीच्या, जागी. दुसरा स्पर्श बहुतेक वेळा तिचा. कुठल्या मुलीला चेंडू किती उंच हवा, नेटपासून किती लांब हवा, पहिला पास वाकडा आला तर तो कुणाकडे वळवायचा, हे हातात भिनायला वेळ लागतो. नेट २.२४ मीटरवर, निर्णय क्षणात घ्यायचा. पहिला हंगाम एकमेकींची सवय होण्यात जातो, दुसऱ्यात जोडी जमते आणि तो संपला की ती मुलगी निघून जाते. प्रशिक्षक पुन्हा पासिंगपासून सुरुवात करतात. असं करत करत वर्षानुवर्षं संघ जिंकता ठेवणं हे मोठं कर्तृत्व आहे, आणि चार वर्षं खेळाडू हाताशी असणाऱ्या विद्यापीठाच्या प्रशिक्षकाच्या यशापेक्षा ते मला कणभरही कमी वाटत नाही.

हाताशी साधनंही थोडी. कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांत खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही. लांबच्या मुलीशी आपणहून पहिला संपर्क साधायलाही बंधनं आहेत. तेव्हा संघ उभा राहतो तो मुख्यतः आसपासच्या हायस्कुलांतल्या मुलींवर. हंगामात किमान १२ युनिट्सचा, म्हणजे श्रेयांकांचा, अभ्यास चालू असावा लागतो, नाहीतर खेळता येत नाही. म्हणजे सर्व्हिस सुधारता सुधारता प्रशिक्षकाला मुलीचं वेळापत्रक, तिची नोकरी, गणितातले गुण, सगळ्यांकडे पाहावं लागतं.

हे काम आज पगारी पेशा आहे, त्यामागे अमेरिकेचा १९७२चा टायटल नाइन हा कायदा आहे. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत स्त्री-पुरुष भेदाला त्यानं मनाई केली. खासदार पॅट्सी मिंक त्यासाठी झटल्या. मुलींच्या संघांना व्यायामशाळेची वेळ, गणवेश, प्रवासखर्च मागायला त्यामुळे आधार मिळाला. खेळ जुना होता, १८९५ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या होल्योकला विल्यम मॉर्गननं तो शोधला. मुलींचा हक्क मात्र फार उशिरा कागदावर आला.

आपल्या मराठी घरांत, पुण्यात काय किंवा क्युपर्टिनोत काय, दहावी आली की मुलीचा खेळ सर्वांत आधी सुटतो. मला याची खंत वाटते. कम्युनिटी कॉलेजकडेही आपण बर्कलीसारख्या विद्यापीठात जाण्याची कमी खर्चाची वाट म्हणूनच पाहतो. त्या वाटेवर मैदानही असतं. तिथून पुढे प्रवेश घेऊन जाणाऱ्या मुलीचे विद्यापीठातले दोन हंगाम अजून शिल्लक असू शकतात. म्हणून चांगले प्रशिक्षक पहिल्याच वर्षी विचारतात की पुढे कुठं जायचंय, आणि सामन्यांच्या चित्रफिती त्या विद्यापीठांच्या प्रशिक्षकांकडे धाडू लागतात. आपली सर्वांत चांगली खेळाडू दुसऱ्याच्या संघात जावी म्हणून ही माणसं फोन करतात. चषकांच्या यादीत याची नोंद कुठंही नसते. मी मात्र कारकीर्द मोजताना आधी हेच विचारीन, की यांच्या हाताखालून गेलेल्या किती मुली पुढे शिकत आणि खेळत राहिल्या.