खांब कोणाचा?



आजचा विषय वाचून आपल्यापैकी कित्येकांनी मनात म्हटले असेल की, वसंत ऋतूतल्या या संध्याकाळी खांबावर काय ऐकायचे! आमची विनंती एवढीच की, घरी जाताना एखाद्या खांबाखाली क्षणभर उभे राहून वर पाहावे. विजेची तार, टेलिफोनची तार, दूरदर्शन संचाची केबल, इंटरनेटची केबल, आणि एखादी अशी तुटकी, लोंबती तार की जिचा धनी कोण, हे कोणासच सांगता येणार नाही. खांब उभा आहे तुमच्याआमच्या रस्त्यावर, त्याच्या आधाराने व्यवसाय चालतो कंपन्यांचा, आणि परवान्याचा शिक्का असतो सरकारदरबारी. यांत शेवटचा शब्द कोणाचा असावा, हा आमचा आजचा प्रश्न आहे.

या प्रश्नावर अमेरिकेतील दोन शहरे थेट न्यायालयापर्यंत गेली. म्हणून आधी तिकडे जाऊ.

तिकडच्या खांबाची रचना शिस्तीची असते. सर्वांत वर वीज. तिच्याखाली कामगाराच्या जिवासाठी साधारण ४० इंच मोकळी जागा. आणि त्याखाली टेलिफोन, केबल, इंटरनेट यांची दाटी. नवी कंपनी आली की जुन्या तारा वरखाली सरकवल्याशिवाय तिला जागा मिळत नाही. जुनी प्रथा अशी की, ज्याची तार त्यानेच ती सरकवावी. मग पहिल्याचा माणूस येऊन जाणार, त्यानंतर दुसऱ्याचा, त्यानंतर तिसऱ्याचा. आता, नव्या प्रतिस्पर्ध्याला जागा करून देण्याची घाई जुन्यास कशाला असेल? महिने उलटतात, आणि ग्राहक वाट पाहत बसतो.

टेनेसी राज्यातील नॅशव्हिल शहराने यावर उपाय काढला. गूगल फायबर ही कंपनी तेथे आपले जाळे पसरू पाहत होती. सप्टेंबर २०१६ मध्ये नगरसभेने नियम केला की, मान्यताप्राप्त कारागिरांच्या एकाच तुकडीने एकाच फेरीत सर्वांच्या तारा सरकवाव्यात. सरळ, व्यवहारी गोष्ट! पण एटी अँड टी आणि कॉमकास्ट या कंपन्या न्यायालयात गेल्या. नोव्हेंबर २०१७ मध्ये निकाल लागला, आणि नगरसभा हरली. न्यायालय म्हणाले, खाजगी मालकीच्या खांबांबाबत असा नियम करणे हे केंद्रीय आयोगाचे काम. आणि शहराच्या वीजसंस्थेच्या खांबांबाबत म्हणाल, तर शहराच्या सनदेनेच तो अधिकार नगरसभेला दिलेला नाही. हेतू चांगला होता, पण अधिकार नव्हता. गंमत पुढेच आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये त्याच केंद्रीय दळणवळण आयोगाने साध्या कामांपुरती हीच एका फेरीची पद्धत स्वीकारली. नॅशव्हिल हरले, पण त्याची कल्पना हरली नाही.

दुसरे शहर सॅन फ्रान्सिस्को. येथे घाई नको होती. विचारपूस हवी होती. २०११ साली शहराने नियम केला की, खांबावर बिनतारी उपकरण बसवायचे तर परवाना घ्यावा, आणि काही ठिकाणी ते दिसते कसे हेही पाहिले जाईल. टी-मोबाइल आणि इतर कंपन्यांनी दावा लावला. त्यांचे म्हणणे असे की, लोकांच्या रस्त्याच्या वापरास अडथळा होत नसेल तर तारा व उपकरणे लावण्याचा हक्क राज्याच्या कायद्यानेच आम्हांस दिला आहे. आणि नुसत्या कुरूपपणाने कोणाची वाट अडत नाही. एप्रिल २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने शहराच्या बाजूने कौल दिला. रस्ता केवळ येण्याजाण्यापुरता नसतो. आवाजाने, धोक्याने, विद्रूपतेनेही त्याच्या वापरात बाधा येऊ शकते, असा त्या निकालाचा आशय आहे.

याचा अर्थ नगरपालिकेने अर्ज दाबून ठेवावेत असा मात्र नव्हे. सप्टेंबर २०१८ मध्ये त्याच केंद्रीय आयोगाने शहरांना मुदत घालून दिली: लहान बिनतारी उपकरण असलेल्या खांबावर बसवायचे असेल तर ६० दिवस, नव्या खांबावर असेल तर ९० दिवस. भाडे प्रत्यक्ष खर्चाइतकेच असावे. एका उपकरणास वर्षाला २७० डॉलरपर्यंतची रक्कम वाजवी समजावी. शहरांनी यालाही आव्हान दिले. ऑगस्ट २०२० मध्ये अपील न्यायालयाने मुदत व भाडे कायम ठेवले, पण शहरांच्या सौंदर्यदृष्टीवर घातलेली मुख्य बंधने काढून टाकली.

आम्हांस या साऱ्याचे तात्पर्य असे दिसते: प्रश्न विचारण्याचा हक्क शहराचा आहे, पण प्रश्नावर झोपून राहण्याचा नाही.

हे सारे सातासमुद्रापलीकडचे म्हणून सोडून देऊ नका. आपल्या केंद्र सरकारच्या २०१६ च्या नियमांतही परवानगीसाठी ६० दिवसांची मुदत होती, आणि तेवढ्यात उत्तर न आल्यास परवानगी मिळाली असे समजले जाई. ऑगस्ट २०२२ मध्ये रस्त्यावरच्या खांबांवर मोबाइलची लहान उपकरणे बसवण्याची तरतूद त्यांत आली. भाडे शहरात खांबामागे वर्षाला ३०० रुपये, खेड्यात १५०. पुढे २०२३ चा दूरसंचार कायदा आला, आणि १ जानेवारी २०२५ पासून त्याखालचे नवे नियम लागू झाले.

भाडे कमी असावे, हे आम्हांस मान्य आहे. महाग खांबाचे पैसे शेवटी ग्राहकाच्याच खिशातून जातात. पण ओसरी स्वस्तात दिली म्हणून हातपाय कोठवर पसरावेत, हे विचारायचेच नाही काय? उपकरण कोणाचे? खांबास त्याचा भार सोसेल काय? मेलेली तार कोणी काढायची? अर्जाचे उत्तर किती दिवसांत मिळणार? या चार प्रश्नांची उत्तरे प्रत्येक नगरपालिकेने आपल्या फलकावर लावावीत, असे आमचे मागणे आहे. त्यांच्यावर घरी अभ्यासाला बसलेल्या मुलाची सोय अवलंबून आहे, शिडीवर चढलेल्या कामगाराचा जीव अवलंबून आहे, आणि अंधारात लोंबत्या तारेखालून जाणाऱ्या वाटसरूची मानही.

ते मागणे आपण सर्वांनी मिळून केले, तर आजची संध्याकाळ खांबावर खर्ची पडली याचे कोणास वाईट वाटणार नाही.